आभाळाचा बांध

शेताला बांध असतो. आभाळाला असतो का? असतो, पण दिसत नाही. ज्या देशाची जमीन, त्याचेच वरचे आभाळ. १९४४ साली शिकागो शहरात अनेक देशांनी मिळून हा नियम लिहिला.

शेजाऱ्याने वहिवाटीची वाट अडवली, तर सोयगावच्या शेतकऱ्याला बैलगाडी लांबून न्यावी लागते. विमानाचेही तसेच आहे. १९३२ साली जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन विमानाने कराचीहून मुंबईस आले. तेव्हा मध्ये सरहद्द नव्हती. पुढे देशाची फाळणी झाली.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे अतिरेक्यांनी माणसे मारली. दोन दिवसांनी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आभाळ बंद केले. ३० एप्रिलला भारतानेही तेच केले.

आता गंमत बघा. आपल्या कंपन्या फ्रान्समधील तुलूज शहरातून नवी विमाने घेतात. तिथून विमान रिकामेच घरी आणतात. आत उतारू नाही की माल नाही. पण मालक भारतीय ना! मग त्यालाही वाट बंद. ते अरबी समुद्रावरून वळसा घालून येणार.

वळसा म्हणजे जादा तेल. आणि तेलाचे ओझे वाहायलाही तेलच लागते! दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमाने वाटेत व्हिएन्नाला तेलासाठी उतरू लागली. ताश्कंदला जाणारी काही लहान विमाने तर बंदच ठेवावी लागली. एवढा लांबचा पल्ला त्यांना झेपेना.

२०१९ सालीही अशीच बंदी साडेचार महिने होती. त्या वेळी २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाला.