डोळ्यात फूल पडण्याआधी

ऊसतोडणीत पात्यानं बुबुळ कापलेले किंवा तंबाखूतला चुना डोळ्यात उडालेले रुग्ण जखम भरल्यावरही परत येतात. दुखत नाही, पण धूसर दिसतं. बुबुळावर पांढरा डाग राहिलेला असतो; त्यालाच आपण फूल पडणं म्हणतो. हल्ली नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, नॅनोकणांच्या औषधानं हा डाग जाईल का?"

बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. जखम खोल गेली की आतल्या पेशी ती सांधायला लागतात, पण नवे तंतू पूर्वीसारखे शिस्तीत बसत नाहीत आणि प्रकाश अडतो. हे वेळीच रोखणारं औषध आत पोहोचवणं हीच मोठी अडचण आहे. थेंब घातला की बराचसा गालावर ओघळतो, काही अश्रूंबरोबर नाकात उतरतो (म्हणून घशाला कडू लागतं), आणि डोळ्याच्या आत जातं ते साधारण 5 टक्क्यांहूनही कमी. केसाहून शेकडो पट बारीक अशा नॅनोकणांत औषध भरलं, तर ते पृष्ठभागाला चिकटून राहतं, हळूहळू सुटतं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी तर सोन्याच्या नॅनोकणांवरून व्रण रोखणारं जनुक सशांच्या बुबुळात पोहोचवलं. त्यांचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आणि व्रण कमी झाल्याचं त्यांत दिसलं.

मला या संशोधनाबद्दल मनापासून आशा आहे. पण ससा म्हणजे माणूस नव्हे. माणसांसाठी म्हणाल तर अशा सूक्ष्म कणांतलं सायक्लोस्पोरिन हे औषध 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही कोरड्या डोळ्यांसाठी. तेव्हा "नॅनो" लिहिलेली बाटली डाग जाईल म्हणून विकत घेऊ नका. जुन्या डागासाठी चष्मा, विशिष्ट कॉन्टॅक्ट लेन्स किंवा नेत्ररोपण यांतलं काय उपयोगी पडेल, हे तपासणीनंतरच ठरतं.

ताज्या इजेत मात्र बरंच काही तुमच्या हातात असतं. चुना गेला तर जागच्या जागी पापण्या उघड्या धरून किमान 15 ते 20 मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा, आणि मगच दवाखाना गाठा. टोकदार वस्तू घुसली असेल तर ती उपटू नका, डोळा धुऊ नका, दाबू नका. उसाचं पातं लागल्यावर घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच घालू नका. पात्यावरून आलेली बुरशी त्यानं फोफावते आणि डाग आणखी मोठा होतो. मध, दूध, तूपही नको. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा, हंगाम कितीही घाईचा असला तरी.