ट्रिको ऐकत नाही

अंधाऱ्या गुहेत एक मुलगा जागा होतो. शेजारी साखळदंडाने जखडलेला एक अजस्र प्राणी पडलेला असतो. अंगावर पिसे, चर्या काहीशी मांजराची, आणि देहात भाले रुतलेले! मुलगा भीत भीत ते भाले उपसतो, त्याला खाऊ घालतो. आणि मग दोघे त्या भग्न दुर्गातून सुटकेची वाट शोधू लागतात. ‘द लास्ट गार्डियन’ या जपानी व्हिडिओ खेळाचा आरंभ असा आहे. प्राण्याचे नाव ट्रिको.

फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला हा खेळ २००९ साली जाहीर झाला व २०१६ च्या डिसेंबरात लोकांच्या हाती आला. सात वर्षे वाट पाहिलेल्या खेळाडूंत मात्र दोन तट पडले. वादाचे मूळ ट्रिकोच्या स्वभावात होते. मुलाने उडी मारण्याची खूण करावी, तर हा भलतीकडेच पाहत राहतो! कित्येक जण त्यामुळे वैतागले. इतरांचे म्हणणे असे, की बटण दाबताच हुकूम पाळते ते यंत्र. जिवंत प्राण्याला गोंजारावे लागते, धीर धरावा लागतो. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे.

कॅमेऱ्याच्या दोषाला मात्र अशी सबब चालणार नाही. अरुंद दालनात ट्रिकोचे धूड सारा पडदा व्यापते आणि मुलगा कोठे उभा आहे, हेच दिसेनासे होते.

तरीही काही प्रसंग मनात घर करतात. चिलखती पहारेकऱ्यांचा चुराडा करणारा ट्रिको डोळ्याच्या आकाराची रंगीत काच दिसताच भयाने थिजतो. तेव्हा तो चिमुकला मुलगाच पुढे धावतो आणि ती काच वाटेतून दूर करतो.