यंत्र निवड करतं, निर्णय माणूस घेतो



या ई-अंकासाठी ‘माझी आजी’ या विषयावर दोन लेख आले. दोन्हींतल्या आजीच्या हातांवर सारख्याच सुरकुत्या आणि शेवटचं वाक्य जवळजवळ एकच! विचारलं, तर सरळ उत्तर आलं, “सर, चॅटबॉटकडून घेतलं. त्यात चुकलं काय?” प्रश्न प्रामाणिक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल कॅथलिक विचार काय सांगतो, ते पाहिलं तर या प्रश्नाला उत्तर मिळू शकेल.

प्रश्न जुनाच, रूप नवं

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं. कारखाने वाढत होते आणि कामगार भरडला जात होता. योग्य वेतन, विश्रांती आणि संघटना करण्याचा हक्क यांची बाजू त्यांनी मांडली. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी तेच नाव घेतलं, लिओ चौदावे. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आज मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे नवी आव्हानं उभी आहेत, असं त्यांनी कारण सांगितलं. म्हणजे ‘यंत्र किती हुशार?’ यापेक्षा ‘यात माणसाचं काय होणार?’ हा चर्चचा मोठा प्रश्न आहे.

बुद्धी म्हणजे काय?

२८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने ‘अँटिक्वा एट नोवा’ (जुने आणि नवे) हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. तो तंत्रज्ञानाला वाईट ठरवत नाही. मात्र कृत्रिम बुद्धिमत्ता हे मानवी बुद्धीचं दुसरं रूप नसून तिने घडवलेली वस्तू आहे, असं तो बजावतो. संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारानुसार बुद्धीच्या दोन बाजू आहेत: पायरीपायरीने जाणारा तर्क आणि सत्याचं थेट आकलन. शिवाय माणूस शरीराने जगतो, नात्यांतून शिकतो, दुखतं-खुपतं ते अनुभवतो. यंत्राकडे माहिती असते, पण असा अनुभव नसतो.

एक उदाहरण

जून २०२४ मध्ये इटलीत झालेल्या जी-७ परिषदेत पोप फ्रान्सिस बोलले. कैद्याला घरीच स्थानबद्धतेत ठेवावं का, हे न्यायाधीशाला ठरवायचं आहे, असं उदाहरण त्यांनी दिलं. हा कैदी पुन्हा गुन्हा करील का, याचा अंदाज यंत्र जुन्या माहितीवरून बांधतं. पण माणूस बदलतो, आपल्या कृतीने आश्चर्याचा धक्काही देतो. हे गणितात कसं बसवणार? म्हणून यंत्र पर्यायांतून निवड करील, पण निर्णय आणि त्याची जबाबदारी माणसाचीच. माणसाचा जीव घ्यायचा की नाही, हे तर कोणत्याही यंत्राने कधीच ठरवू नये, असं त्यांनी ठामपणे सांगितलं.

आपल्या वहीपर्यंत

आता आजीकडे वळू. यंत्राने लिहिलेलं वाक्य व्याकरणात चुकलं नव्हतं. पण ती आजी कुणाचीच नव्हती. ‘अँटिक्वा एट नोवा’मध्येही हाच इशारा आहे की आयतं उत्तर मिळालं, तर विचार करण्याची सवय सुटते.

आपल्याच परंपरेतले फादर थॉमस स्टीफन्स आठवा. इंग्लंडचा हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीच्या लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही मराठी ओवीत. या शिकण्याला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत ते इथल्या माणसांचे झाले.

शुद्धलेखन तपासायला, संदर्भ शोधायला यंत्राची मदत जरूर घ्या. पण लेखाखाली नाव तुमचं असेल, तर त्यातलं सांगणंही तुमचंच हवं.

त्या दोघांपैकी एकीने लेख पुन्हा लिहून आणला. सुरकुत्या गेल्या होत्या. आजीच्या अंगठ्यावर विळीने कापल्याची जुनी खूण होती. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. आम्ही तो घेतला.

चर्चेसाठी प्रश्न

१. ‘निवड’ आणि ‘निर्णय’ यांत फरक काय? तुमच्या रोजच्या जीवनातलं उदाहरण द्या.
२. अभ्यासात यंत्राची मदत कुठे थांबावी?
३. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कुणाचं काम गेलं, तर समाजाची जबाबदारी कोणती?