पोट तुझं, सही तुझी

अगं, दिवस राहिले की घरात आधी कोण बोलायला लागतं, हे कधी बघितलंस? सासू बोलते, नवरा बोलतो, मोठी जाऊ बोलते. आशाताई कार्ड भरायला येते, तीही चार गोष्टी सांगून जाते. जिच्या पोटात वाढतंय तिचं मत मात्र सगळ्यात शेवटी विचारतात, कधी कधी तर विचारतच नाहीत. म्हणून आज तुझ्याशी बोलायचं ठरवलं. तुझं माहेर लांजीचं, सासर आमगावकडचं. मध्ये मध्य प्रदेश-महाराष्ट्राची हद्द आहे, पण मी सांगते तो कायदा हद्दीच्या दोन्हीकडे एकच आहे.

दवाखान्याच्या भिंतीवर तू वाचलंच असशील, गर्भाचं लिंग तपासणं गुन्हा आहे. ते खरं आहे आणि हवंच आहे. महाराष्ट्राने 1988 सालीच असा कायदा केला, देशाचा 1994 मध्ये आला. 2011 च्या जनगणनेत आपल्या बालाघाट जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1021 बायका होत्या, आणि याचा मला अभिमान आहे. पण त्या पाट्या वाचून कितीतरी पोरींची समजूत झालीय की गर्भपात करणं हाच गुन्हा. तसं नाही. गर्भपाताचा कायदा वेगळा आहे, तो 1971 चा, आणि 2021 मध्ये तो सुधारला. मुलगी आहे म्हणून पाडणं गुन्हा. साधन वापरूनही दिवस राहिले, तुझ्या तब्येतीला किंवा मनाला ते झेपणार नाही, तर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. बलात्कारातून दिवस राहिले, मुलगी अठरा वर्षांच्या आतली असली, मध्येच नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अशा काही कारणांत दोन डॉक्टरांच्या मताने ही मुदत 24 आठवड्यांपर्यंत जाते. गर्भात मोठं व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं.

आता नीट ऐक. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला यासाठी फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची लागत नाही, सासऱ्याची लागत नाही. "घरच्यांना घेऊन या" असं कोणी म्हणालं तर तो त्यांचा रिवाज असेल, कायदा नव्हे. लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 24 आठवड्यांच्या सवलतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, आणि नवऱ्याने केलेली बळजबरीही या कायद्यापुरती बलात्कारच मानायची. तुझं नाव बाहेर फोडणाऱ्याला शिक्षा आहे. म्हणून मेडिकलमधून चोरून गोळ्या आणू नकोस. त्या किती आठवड्यांना चालतात, रक्त कधी जास्त समजायचं, हे दुकानदार सांगत नाही आणि आपल्याकडे बाया तिथेच जीव गमावतात.

तू विचारशील, "पण ताई, जीव असतो ना तो?" तुला तसं मनापासून वाटत असेल तर मी तुला खोटं पाडणार नाही. हा प्रश्न मोठ्यामोठ्यांना सुटलेला नाही. तुला ते मूल हवं असेल तर ठेव, आणि कोणी तुझ्या मनाविरुद्ध सफाई करायला लावली तर त्या माणसाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होऊ शकते. मी गर्भपाताची बाजू मांडत नाहीये. ठरवणारी तू आहेस, एवढंच मला म्हणायचंय.

दुसऱ्याने ठरवलं की काय होतं, हे बघायला फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, बैहरकडच्या जंगलात बैगा राहतात. आणीबाणीत सक्तीची नसबंदी झाली, त्यानंतर 1979 मध्ये मध्य प्रदेश सरकारने हुकूम काढला की बैगांसारख्या छोट्या जमातींची नसबंदी करू नये. हेतू चांगला असेल, जमात टिकावी असा. पण पाच-पाच, सहा-सहा बाळंतपणं झालेली, अंगात रक्त नसलेली बैगा बाई ऑपरेशनला गेली की तिला परत पाठवायचे. तिला कोणी विचारलंच नाही! काही जणींनी दुसरी जात सांगून ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा छत्तीसगढ आपल्याच राज्यात होतं, वेगळं झाल्यावरही तिकडे तो हुकूम तसाच राहिला. शेवटी बैगा बायकाच उच्च न्यायालयात गेल्या आणि 2018 मध्ये तिथे ही बंदी उठली.

आणि याच्या अगदी उलटं बघ. त्याच छत्तीसगढमध्ये, बिलासपूरजवळ, नोव्हेंबर 2014 मध्ये एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत 83 बायकांची नसबंदी केली. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर डझनभराहून जास्त बायका दगावल्या, त्यांत बैगा बाईही होती. ऑपरेशन मिळू नये म्हणून एका बाईला अडवायचं, आणि टार्गेट पुरं करायला दुसरीला रांगेत आडवं करायचं. मला तर दोन्हींत एकच माज दिसतो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं.

तेव्हा उद्या तुला "दोन झाली, आता करून टाक" म्हणतील, तर घाई करू नकोस. नसबंदीलाही नवऱ्याची संमती लागत नाही, आणि तुला नको असेल तर कोणी करायला लावू शकत नाही. पुरुषाची नसबंदी त्यामानाने सोपी, पोट उघडावं लागत नाही. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या संसारी बायकांपैकी 37.9 टक्के बायकांनी नसबंदी केलेली होती आणि पुरुषांचा आकडा 0.3 टक्के. हा आकडा नवऱ्याला वाचून दाखव. चिडला तर चिडू दे.

कामाचंही सांगते. तू रोवणीला, तेंदूपत्त्याला जातेस. बीडकडच्या ऊसतोड बायकांचं ऐकलं असशील. पाळीमुळे, दुखण्यामुळे खाडा पडतो, मुकादम दंड कापतो, मग डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका. 2019 मध्ये ते उघड झाल्यावर शासनाने पाहणी केली, तेव्हा 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांत पंचविशी-तिशीतल्या पोरीही होत्या गं. पांढरं जातं म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नकोस. आणि पोट दिसायला लागलं म्हणून नोकरीवरून काढणं गुन्हा आहे. 1961 च्या कायद्यानेच ते बंद केलं होतं, आणि रोजंदारीवरच्या बायकांनाही ते संरक्षण आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय.

एवढं कर. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचून घे, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हण. काय ऑपरेशन, का, नंतर काय होईल, हे विचार. कागदाची नक्कल माग. कोणी अडवलं, दमदाटी केली, तर बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, घरची कमाई कितीही असो. नंबर 15100. नवरा मोबाईल बघत असेल तर दुसऱ्या नावाने सेव्ह कर, पण आजच कर.