चाळीस वालांचे तळे



विहीर, तळे, समुद्र ही सर्वांची मालमत्ता. ती जपून वापरावी, हे भाषण करून मुलांना पटत नाही. मोठ्यांना तरी कुठे पटते? म्हणून गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या मोठ्या मुलांबरोबर आम्ही एक खेळ खेळलो. तो घरीही खेळता येईल.

ताटात ४० वाल ठेवावेत. ताट म्हणजे तळे, वाल म्हणजे मासे, चार मुले म्हणजे चार कुटुंबे. दर हंगामात किती मासे काढणार, हे प्रत्येकाने न बोलता चिठ्ठीवर लिहायचे. उरलेले मासे पुढच्या हंगामात दुप्पट होतात, पण तळ्यात ४० हून अधिक मावत नाहीत. मागणी जास्त झाली तर असतील ते सारखे वाटायचे.

प्रत्येकाने पाच घेतले, तर २० उरतात आणि पुन्हा ४० होतात. असे वर्षानुवर्षे चालेल. सहा घेतले तर? १६ उरतात, त्यांचे ३२ होतात. मग ८ उरतात, त्यांचे १६. तिसऱ्या हंगामात चार-चार वाट्याला येतात आणि तळे संपते. दहा हंगामांत पाचवाल्याला ५० मिळाले असते, सहावाला १६ वर थांबला. फरक एका माशाचा!

आमच्या मुलांनी आठ-आठ लिहिले व दुसऱ्याच हंगामात ताट पुसले. “बाकीचे घेणारच, मग मी का सोडू?” असे एकाने सांगितले. मुलगा मुळीच हावरा नाही. दुसरा काय करील हे ठाऊक नसले की चांगली माणसेही असेच वागतात. नंतर बोलायची परवानगी दिली, तेव्हा थोड्या भांडणानंतर पाचाचा नियम मुलांनीच ठरवला.

असे खेळ नवे नाहीत. ‘लिमिट्स टू ग्रोथ’ या १९७२ च्या पुस्तकाचे एक लेखक डेनिस मेडोज यांनी ‘फिशबँक्स’ नावाचा खेळ तयार केला. त्यात गट मासेमारी कंपन्या चालवतात, बोटी वाढवतात, आणि बहुतेक वेळा मासे संपल्यावरच जागे होतात. आंध्र प्रदेशातील खेड्यांत संशोधकांनी शेतकऱ्यांबरोबर भूजलाचा खेळ खेळला. कमी पाण्याचे पीक घ्यायचे की जास्त पाण्याचे, ज्यात पैसाही जास्त? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, खेळ झालेल्या गावांत पाण्याची नोंदवही व नियम ठेवण्याचे प्रमाण अधिक होते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी आपले कोळी बांधव पाळतात. उरलेल्यांचे दुप्पट व्हावेत, हाच तिचा हेतू. विहिरींसाठी मात्र आपल्याकडे असा नियम नाही. वसईच्या किनारपट्टीत गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते, आणि एकदा शिरले की सहजासहजी निघत नाही. तरी एकेका विहिरीवर दोन-तीन मोटारी आहेत, बावखले बुजवली जात आहेत.

येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर सभागृहात मोठ्यांसाठी हाच खेळ ठेवला आहे. या वेळी ताटात विहिरीचे पाणी असेल, आणि पाऊस पडेपर्यंत ते दुप्पट होणार नाही. एकाच विहिरीवर मोटारी असलेल्या शेजाऱ्यांनी शक्यतो एकाच ताटाभोवती बसावे. वाल आम्ही आणू.