सिंहाला भुवया नसतात

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको.

गेल्या सेमिस्टरला कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या मिनी प्रोजेक्टसाठी मी आपल्या गेटवरच्या खंड्याचं थ्री-डी मॉडेल केलं. आधी हाडांचा सांगाडा, त्यावर कातडी, त्यावर केस. केस एकेक लावत बसावं लागत नाही. थोडे आपण लावून विंचरायचे, बाकीचे सॉफ्टवेअर त्यांच्याप्रमाणे उगवतं. मग रेंडरिंग. प्रकाश केसावर पडला की काही परत फिरतो, काही आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो. हा हिशोब प्रत्येक पिक्सेलसाठी करायचा. माझ्या लॅपटॉपवर एका फ्रेमला ११ मिनिटं लागत होती. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ५ सेकंदांच्या क्लिपला १२० फ्रेम आणि तब्बल २२ तास! त्यात दोनदा लाईट गेली, ते वेगळंच.

एवढं करून क्लिप मेसच्या मावशींना दाखवली. "छान आहे गं. कुणाचं कुत्रं?" रोज खंड्याला पोळी घालणाऱ्या मावशी हे विचारतात! माझ्या रूममेटने जर्नलच्या मागच्या पानावर बॉलपेनने पाच-सहा रेघा मारल्या, एक कान दुमडलेला, मान तिरकी. मावशी लगेच, "अगं बाई, हा तर आपला खंड्या!"

दोन दिवस मी रूममेटशी बोलले नाही. पण नंतर वाटलं, हाच प्रॉब्लेम डिस्नेला पण आला असणार.

डिस्नेने आपल्याच जुन्या कार्टून सिनेमांना 'खरं' रूप द्यायला घेतलं. 'द जंगल बुक' १९६७ चा, तो २०१६ साली पुन्हा आला. 'द लायन किंग' १९९४ चा, तो २०१९ साली. मोगलीचं सिवनीचं जंगल म्हणजे आपल्या नागपूरच्या पेंचच्या शेजारचं, पण २०१६ चा सिनेमा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाला. मोगली झालेला नील सेठी खरा, प्राणी सगळे कॉम्प्युटरचे. 'लायन किंग'मध्ये तर सुरुवातीचा सूर्योदयाचा एकच शॉट खरा आहे. या दोन्ही सिनेमांचं बरंच काम एमपीसी कंपनीच्या बंगळुरूच्या स्टुडिओत झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची मूळ कंपनी टेक्निकलर कोसळली आणि भारतातलं कामही बंद पडलं. आयाळीचा केस न केस बसवणारे लोक रातोरात घरी बसले. माझ्यासारख्या 'व्हीएफएक्समध्येच जाणार' म्हणणाऱ्यांनी हेही माहीत करून घेतलेलं बरं.

असो. एका शनिवारी कॉमन रूममध्ये आम्ही मुफासाच्या मरणाचा सीन लागोपाठ दोनदा पाहिला. जुना लागला तेव्हा अर्ध्या मुली नाक ओढत होत्या. नवा लागला तेव्हा एकीने विचारलं, "मॅगी कोण करतंय?" वरून लोहगावची विमानं गेली ती दोन्ही वेळा, तेव्हा दोष त्यांचा नाही.

मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्राध्यापकांनी १९७० साली मांडलं होतं की यंत्रमानव माणसासारखा दिसत गेला की आवडत जातो, पण अगदी जवळ पोचला की एकदम नकोसा वाटतो. याला 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात. मला इथे ते लागू वाटत नाही. नवा सिंबा भीतिदायक नाही, तो मुका वाटतो. चित्रातल्या सिंबाला भुवया आहेत, डोळ्यात भरपूर पांढरं आहे. आपण माणसांची दुःखं तिथेच वाचतो. खऱ्या सिंहाला आपल्यासारख्या भुवया नाहीत आणि डोळ्यातलं पांढरंही फारसं दिसत नाही. कलाकार प्रामाणिक राहिले, आणि त्या प्रामाणिकपणात रडायची जागाच गेली!

मग 'जंगल बुक' का जमला? मला वाटतं, त्यात माणसाच्या पोराचा चेहरा आहे. वाघ बघून काय वाटायला हवं ते नील सेठीकडे बघून कळतं. आणि हिंदीत आवाज आहे. आम्ही तो लावला तेव्हा हजेरी घ्यायला आलेल्या रेक्टर मॅडम दारातच थांबल्या. "हा नानाचा शेरखान ना?" १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी कार्टूनमधल्या शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. २०१६ च्या हिंदी डबिंगमध्येही तोच. कातडी बदलली, पण मॅडमना वाघ ओळखू आला. त्या दिवशी हजेरी पावणेअकराला झाली, बरं का.

गंमत म्हणजे कुत्र्यांचं गणित वेगळं. २०१९ सालीच एक संशोधन प्रसिद्ध झालं. कुत्र्याला डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची कातडी वर उचलणारा एक स्नायू असतो, लांडग्यात तो जेमतेम सापडतो. ते केविलवाणं बघणं त्यातूनच येतं. माझ्या मॉडेलमध्ये हाडं होती, हजारो केस होते, हा स्नायूच नव्हता.

परवा तो घातला, कान दुमडला आणि निम्मे केस काढून टाकले. फ्रेमला आता ६ मिनिटं लागतात. मावशींना पुन्हा दाखवलं. हातातली लाटी तशीच ठेवून त्या बघत राहिल्या.

"पोळी मागतोय मेला," म्हणाल्या.