केळुसकर गुरुजी आणि विद्यार्थी भीमराव

वेंगुर्ले तालुक्यातील केळूस हे आपल्या जिल्ह्यातले गाव. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचा जन्म इथला, १८६० सालचा. मुंबईत शिक्षकी करताना चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा त्यांनी हेरला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हे आपण सर्व जाणतो. पुढचे कमी सांगितले जाते. इंटरनंतर वडिलांना खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पैसा महाराजांचा, पण परक्याच्या मुलासाठी शब्द टाकणे आम्हांला त्याहून अवघड वाटते. (जामीन राहायला माणसे किती कचरतात, हे आम्ही बँकेत रोज पाहतो.)

१९१३ साली बडोदे संस्थानाने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देऊन त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार. १९१७ साली बाबासाहेब करार पाळायला बडोद्यास गेले, तर राहायला जागा मिळेना; पारशी वसतिगृहातूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

तेव्हा मूल दत्तक घेताना फी भरून आपण मोकळे होऊ नये. ते राहते कुठे, जेवते काय, हे आधी पाहावे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा जेवण, कपडे, वह्या हा सारा खर्च सभाच करीत असे.